महाडचा सत्याग्रह : आंदोलनातून उभा राहिलेला राजकीय समाज

महाडचा सत्याग्रह हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात झालेला सार्वजनिक पाण्याच्या हक्काचा लढा होय.

पार्श्वभूमी : रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसाठी खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. हक्क कागदावर आला. पण तो बजावणारा संघटित समाज अजून उभा राहायचा होता.

मार्चची परिषद : १९ व २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्चला हजारो लोक शिस्तीने तळ्यावर गेले. बाबासाहेब पाणी प्यायले, त्यांच्यामागून इतरही प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी लोकांवर हल्ले केले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले आणि या लढ्याला स्वतःचे व्यासपीठ मिळाले.

डिसेंबरची परिषद : परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. ही तुलना नेमकी होती. गावकीच्या निर्णयात ज्यांना स्थान नव्हते, ते येथे ठराव मांडत होते आणि त्यांवर बोलत होते. परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला आणि मनुस्मृतीचे दहन केले. तळ्यावर जाण्यास कोर्टाची मनाई होती. ती मोडावी की नाही, यावर परिषदेत चर्चा झाली आणि अखेर सत्याग्रह तहकूब करण्यात आला. तरीही प्रतिनिधींनी शिस्त मोडली नाही. बाबासाहेबांनी स्त्रियांपुढेही स्वतंत्र भाषण केले.

निकाल : कोर्टातला लढा जवळपास दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

महत्त्व : पाणी पिण्याची कृती काही क्षणांची होती. तिच्याभोवती परिषद, स्वयंसेवक, वृत्तपत्र आणि खटला उभा राहिला, म्हणून ती टिकली. २० मार्चला आजही महाडला मोठा जनसमुदाय जमतो. कोणत्याही आंदोलनाला महाडची कसोटी लावता येते : मोर्चा पांगल्यावर ठराव कोण पुढे नेतो, खटला कोण चालवतो, अंक कोण काढतो?