‘टॅपेट’ : एका शब्दाखालच्या परस्परविरोधी क्रिया

यंत्रांचा इतिहास सामान्यतः शोधांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. कोणते यंत्र कोणत्या वर्षी निघाले, ते कोणी काढले आणि त्याने किती अश्वशक्ती दिली, एवढे नोंदले की विषय संपला असे मानण्यात येते. कारागिराच्या हाताला त्या यंत्राने काय शिकविले आणि त्या शिकवणीला त्याने कोणते नाव दिले, हा इतिहासाचा दुसरा भाग मात्र बहुधा अलिखित राहतो. वस्तुतः यंत्र बदलूनही नाव तेच राहिले, तर जुन्या नावाबरोबर जुनी क्रियाही नव्या यंत्रात शिरते आणि कित्येकदा ते यंत्र बिघडविते. मोटारीच्या कारखान्यांत नित्य ऐकू येणारा ‘टॅपेट सेट करणे’ हा प्रयोग याचे उत्तम उदाहरण होय.

या शब्दाची परीक्षा पाहण्यास मावळाइतके योग्य क्षेत्र क्वचितच मिळेल. कोकणातील खोपोलीहून खंडाळा-लोणावळ्याकडे चढणारा बोरघाट हा एंजिनाच्या दमाचा जुना कसोटीदगड आहे. गाड्यांस योग्य असा रस्ता येथे १८३० साली खुला झाला आणि १८६३ साली लोहमार्ग घाट चढून वर आला. त्या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांस एक फूट इतका होता. मोटारी आल्या तेव्हा रस्त्याच्या चढानेही तोच प्रश्न त्यांना विचारला. सपाटीवर जो दोष लपून राहतो तो सलग चढावर उघडा पडतो. कारण तेथे एंजिनावर पूर्ण भार असतो, गती कमी असते आणि उष्णता साठत जाते.

हा दोष अनेकदा झडपांपाशी असतो. कारागीर ज्याला ‘व्हॉल्व’ म्हणतो ती झडप उघडण्यासाठी कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या दांड्याला ढकलतो, दांडा रॉकरचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक झडपेला खाली दाबते. ‘टॅपेट’ हा इंग्रजी शब्द हलका ठोका या अर्थाच्या ‘टॅप’वरून आला असावा. या साखळीतील प्रत्येक धातू तापला की वाढतो. वाढीस जागा ठेवली नाही, तर झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकत नाही. जळका वायू बाहेर सोडणारी झडप आपली बरीचशी उष्णता बैठकीलाच देत असते. ती टेकली नाही तर उष्णता अडते, झडपेची कड जळते आणि घाट चढताना गाडीचा दम जातो. म्हणून रॉकर व झडप यांच्यामध्ये इंचाच्या काही हजारांश भागांची फट राखणे, हा जुन्या एंजिनाचा पहिला नियम होता.

पश्चिम भारतात ही विद्या मोठ्या प्रमाणावर पसरली ती मुंबईतील जुळणीच्या कारखान्यांमुळे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली; तो कारखाना १९५४ साली बंद झाला. तेथील शेव्हरले गाड्यांची एंजिने पुशरॉडची होती. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० आणि हिंदुस्तान मोटर्सची, १९५८ पासून निघू लागलेली अँबॅसडर, या गाड्यांतही पुशरॉड होते व फट स्क्रूने लावावी लागे. पातळ पोलादी पट्ट्यांचे फिलर गेज फटीत सरकवावयाचे, पट्टी किंचित अडखळत सरकली की नट आवळावयाचा, एवढ्या कृतीला ‘टॅपेट सेट करणे’ हे नाव पडले. फट अधिक राहिली तर ‘टॅपेट वाजतात’ आणि कमी राहिली तर व्हॉल्व जळतो. या दोन वाक्यांत एका पिढीचे ज्ञान सामावले होते. फियाटचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून २०२३ साली निवृत्त झाली, तोपर्यंत हा अर्थ रस्त्यावर जिवंत होता.

याच काळात दुसरी एक कल्पना परदेशात वाढत होती. फट ठेवण्याऐवजी ती आपोआप भरून काढणारा टॅपेट का करू नये, या विचाराने फ्रान्समध्ये आमेदे बोले यांच्या नावाशी निगडित पहिले प्रयत्न १९१० च्या सुमारास झाले. १९३० साली कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या एंजिनात तेलाच्या दाबाने फट नाहीशी करण्याची योजना होती. या ‘हायड्रॉलिक’ टॅपेटच्या पोटात एक लहान दट्ट्या, त्याखाली एक हलकी स्प्रिंग आणि तेल आत घेऊन बाहेर न सोडणारी एकमार्गी झडप असते. ‘हायड्रॉलिक’ हा शब्द ग्रीक भाषेतील पाणी व नळी या अर्थांच्या पदांपासून बनला आहे. लोणावळा, वळवण व शिरोटा येथील तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली नळांतून आणून खोपोलीस १९१५ साली वीजनिर्मिती सुरू झाली, तेव्हा मावळाला या शब्दातील मूळ पदाचा परिचय झालाच होता. टॅपेटमध्ये पाण्याऐवजी तेल असते, तत्त्व मात्र पुष्कळसे सारखे : कोंडलेला द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून तो घन दांड्यासारखा बळ वाहून नेतो.

येथे क्रियेचा अर्थ उलटतो. अशा टॅपेटला फट नको असते. त्याला आगाऊ दाब हवा असतो. झडप बंद असताना, म्हणजे टॅपेट कॅमच्या सपाट वर्तुळावर असताना, पुशरॉडची उभी हालचाल जेथे संपते तो शून्यबिंदू. त्यापुढे नट आणखी फिरवून टॅपेटमधील दट्ट्या अर्ध्या ते दीड मिलिमीटरपर्यंत खाली दाबला, की तो वरखाली दोन्ही दिशांनी सरकण्यास मोकळा राहतो. १९५० साली शेव्हरलेने स्वयंचलित गिअरच्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट बसविले, हातगिअरच्या गाडीत मात्र जुनेच ठेवले. एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांत ‘टॅपेट सेट करणे’ म्हणजे एकीत फट राखणे व दुसरीत फट मोडून दाब देणे, अशी स्थिती उत्पन्न झाली.

मोजमापातही नवा फसवेपणा आला. १९५५ च्या शेव्हरले व्ही-८ एंजिनात रॉकर एका खुंटीवर तोललेला असून, तिच्यावरील नट आवळल्याने तो खाली येतो. खुंटीला इंचात चोवीस आटे असतील तर नटाच्या एका फेऱ्यात रॉकरचा मध्य एक मिलिमीटरहून किंचित अधिक उतरतो. परंतु झडपेकडील टोक स्थिर असल्यामुळे, दीडास एक या प्रमाणाच्या रॉकरमध्ये पुशरॉडचे टोक त्याच्या पावणेदोन पटींच्या आसपास, म्हणजे सुमारे पावणेदोन मिलिमीटर उतरते. नटाचे अंतर आणि दांड्याचे अंतर एक नव्हे, हे ध्यानात न घेतल्यास हिशेब चुकतो.

शर्यतीच्या किंवा अधिक शक्तीसाठी बदललेल्या एंजिनात हा प्रश्न तीव्र होतो. कॉम्प्रेशन वाढविण्यासाठी हेड अर्धा मिलिमीटर घासले, तर तोच पुशरॉड तेवढ्याने लांब असल्यासारखा वागतो आणि दाब वाढतो. जाड गॅस्केट घातल्यास उलट घडते. रॉकर पक्का बसविलेला असेल तर नटाने दुरुस्ती करता येत नाही. तेथे पुशरॉडची लांबी हीच एकमेव किल्ली उरते. म्हणून लांबी कमीजास्त होणारा मापाचा दांडा घालून शून्यबिंदू शोधावयाचा, त्यात इष्ट दाब मिळवावयाचा आणि तेवढ्या लांबीचे पुशरॉड घ्यावयाचे, अशी रीत आहे. रॉकरचे टोक झडपेच्या दांडीच्या मध्याजवळ घासते की कडेला, हेही तेव्हाच पाहतात. अतिवेगात स्प्रिंगला झडप आवरेनाशी झाली की क्षणभर फट निर्माण होते, टॅपेट ती लगेच भरून काढतो आणि मग झडप पुरती मिटत नाही. म्हणून शर्यतीत दाब थोडाच ठेवण्याकडे व स्प्रिंग बळकट घेण्याकडे कल असतो. दाब वाजवीपेक्षा फार झाला आणि दट्ट्या तळाला टेकला, तर हायड्रॉलिक टॅपेट घन टॅपेट बनतो. मग फट नसलेल्या जुन्या एंजिनाचीच गत होऊन झडप जळते.

हा सारा पालट बोरघाटात आजही नित्य दिसणाऱ्या एका वाहनात एकवटलेला आढळतो. रॉयल एनफील्डच्या जुन्या बिडाच्या एंजिनाच्या बुलेटमध्ये पुशरॉडची लांबीच खालच्या टोकाशी नटांनी कमीजास्त करता येई. एंजिन गार असताना दांडा बोटांनी सहज फिरावा पण वरखाली हलू नये, ही तिची कसोटी होती. २००८ च्या सुमारास आलेल्या नव्या एंजिनात पुशरॉड ठरावीक लांबीचे व टॅपेट हायड्रॉलिक झाले. जुन्या बुलेटवर घडलेला हात येथे धोका देतो : टॅपेटमधील स्प्रिंग हलकी असल्याने शून्यबिंदू ओलांडून गेल्यावरही दांडा बोटांनी फिरतच राहतो. ज्या यंत्रांत दाब हाताने द्यावयाचा असतो त्यांत फिरण्याची खूण पाहणारा कारागीर म्हणूनच नकळत फार दाब देऊन बसतो. तेथे उभी हालचाल हीच खरी खूण होय. पुढे २०२० साली निघालेल्या साडेतीनशे घनसेंटिमीटरच्या एंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्येच गेल्यामुळे पुशरॉड नाहीसा झाला आणि स्क्रूने लावावयाची फट परत आली. २०२३ साली बुलेटलाही हेच एंजिन मिळाले. अशा रीतीने एकाच घराण्याच्या गाड्यांत मोकळे फिरणे, दाब आणि फट या तीन अवस्था अवघ्या पंधरा वर्षांत होऊन गेल्या. शब्द मात्र एकच राहिला.

यावरून परिभाषेसंबंधी एक निष्कर्ष निघतो. आपल्या परिभाषाकारांनी व्हॉल्वला ‘झडप’ आणि पिस्टनला ‘दट्ट्या’ अशी चांगली नावे दिली. परंतु ही वस्तूंची नावे आहेत. कारागिराची चूक वस्तूच्या नावात होत नाही, क्रियेच्या नावात होते. ‘सेट करणे’ या क्रियापदात काय साधावयाचे याची सूचनाच नाही. त्याऐवजी ‘फट राखणे’ व ‘दाब देणे’ ही दोन साधी मराठी क्रियापदे शिक्षणात व दुरुस्तीच्या पुस्तिकांत रूढ झाली, तर यंत्राचा प्रकार ओळखण्याचा प्रश्न हत्यार हातात घेण्यापूर्वीच विचारला जाईल. पुशरॉडची एंजिने मागे पडत असली तरी अशा हजारो जुन्या गाड्या अद्याप वापरात आहेत. त्या दुरुस्त करणाऱ्या हातांची भाषा टिपून ठेवणे हे काम इतिहासाचेही आहे आणि भाषाशास्त्राचेही. ते हात काम करीत आहेत तोवरच ते उरकले पाहिजे.