विमानावरचे डाग

दिवाळीत मुले किल्ल्याच्या बुरुजावर मावळे उभे करतात आणि खंदकाकाठी खुशाल एखादे विमान ठेवतात. काळाच्या या सरमिसळीची आपल्याला गंमत वाटते. पण वीतभर विमानातसुद्धा काळ किती काटेकोरपणे सांभाळता येतो, हे त्या विद्येतल्या हौशी कारागिरांकडून शिकावे. मुलींच्या सैनिकी शाळेमुळे आमच्या कासार आंबोलीला फौजेचे वारे नवे नाही; तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा हक्क मी गावाच्या वतीने घेतो.

1942 साली अमेरिकेच्या आरमाराने शाळकरी मुलांकडून लाकडाची पाच लाख छोटी विमाने मागवली. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावे एवढाच हेतू. म्हणून ती सारी काळ्या रंगाची. पुढे प्लॅस्टिकचे सुटे भाग आले, ब्रिटनच्या एअरफिक्सचे स्पिटफायर 1950 च्या दशकात निघाले. विमाने हुबेहूब झाली, पण नव्या नवरीसारखी कोरी. 1970 नंतर बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेनसारख्यांनी पातळ काळपट रंग सांध्यांत उतरवण्याची आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळण्याची रीत लोकप्रिय केली. विमानाला वय आले!

मात्र वय द्यायचे म्हणजे तांबडा गंज फासायचा नव्हे. विमानाचे अंग बहुतेक ॲल्युमिनियमचे. आपल्या घरातले जर्मनचे पातेले आठवा. ते काळवंडते, पांढुरके डाग धरते, पण तांबडे गंजत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या काही विमानांवर अस्तराचा हात न देताच रंग चढवला होता; त्याचे पोपडे निघत आणि खालची धातू उघडी पडे. झीजही अशी देशोदेशीची वेगळी.

आपले मिग-21 घ्या. 1963 मध्ये ते वायुसेनेत आले आणि पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार होऊ लागले. आरंभी ते चंदेरी होते. 1971 च्या युद्धाच्या सुमारास अनेक विमानांवर घाईघाईने हिरवे-करडे पट्टे चढले. म्हणजे 1965 चे मिग करणाऱ्याने हिरवा रंग लावला तर इतिहास चुकला. आणि 1971 चे करणाऱ्याने ओरखड्याखाली चंदेरी दाखवले तर साधला. त्या वर्षी 12 डिसेंबरला कच्छच्या आखातावर मिगने तोफेने पाकिस्तानचे स्टारफायटर पाडले. त्या विमानाची प्रतिकृती करायची, तर पोटाखालच्या तोफेमागे काजळी हवीच.

आमचे एक शेजारी वायुसेनेतून यांत्रिक म्हणून निवृत्त झाले. माझ्या एका विद्यार्थ्याने केलेले मिग त्यांनी तळहातावर घेतले, बराच वेळ न्याहाळले आणि पंखाच्या मुळाशी बोट ठेवले.

"गुरुजी, पोराला सांगा, इथला रंग झिजव. इथं आमचे पाय पडायचे."

"आणि वैमानिकाचे?"

"तो शिडीनं चढायचा, उडायचा. उन्हात तापलेल्या पंखावर दिवसभर आम्हीच असायचो. आमचं नाव कुठं लिहीत नाहीत. पण ही झीज आमची आहे."

मी गप्प झालो. वर्गात मी लढाया शिकवतो, विजेत्यांची नावे पाठ करून घेतो. पण तेल सांडणाऱ्याची, खिळे आवळणाऱ्याची, पहाटे काच पुसणाऱ्याची नोंद क्रमिक पुस्तकात कुठून असणार? ती असते ती अशा डागांत.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ने वायुसेनेचा निरोप घेतला. आता ते संग्रहालयांत आणि चौथऱ्यांवर उभे राहील, नवा रंग लावून, लखलखीत. ते योग्यच, पण त्या लखलखाटात यांत्रिकांची पावले पुसली जातील. म्हणून वाचकहो, दिवाळीची साफसफाई करताना घरातल्या मुलाने केलेले एखादे कळकट विमान हाती लागले, तर लगेच फडके मारू नका. आधी त्याला एवढेच विचारा: "हे कोणत्या सालचे, आणि हा डाग कोणाचा?"