हडसनच्या गाळात काय घडलं

वाहतं पाणी निर्मळ, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण पीसीबीसारखी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे जोडलेल्या दोन कड्यांवर क्लोरीन बसलेले रेणू) रसायनं पाण्यात विरघळतात ती नावालाच. ती तळाच्या गाळाला चिकटून बसतात. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीत नेमकं तेच झालं.

हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड या दोन छोट्या गावांत जनरल इलेक्ट्रिकचे कपॅसिटरचे कारखाने होते. तिथे 1947 ते 1977 या काळात पीसीबी वापरले जात. पीसीबीचं तेल सहजासहजी पेटत नाही, वीज वाहू देत नाही, वर्षानुवर्षं खराब होत नाही. कारखान्याला हवा होता तो हाच टिकाऊपणा, आणि नदीला तोच भोवला. सुमारे 6 लाख किलोपर्यंत पीसीबी पाण्यात गेले. बरेचसे फोर्ट एडवर्डच्या जुन्या बंधाऱ्यामागे साचले होते. 1973 मध्ये तो बंधारा पाडला आणि विषारी गाळ खाली वाहत सुटला. 1976 मध्ये नदीच्या वरच्या भागात मासेमारी बंद झाली, 1984 मध्ये 320 किलोमीटरचा पट्टा केंद्र सरकारच्या सर्वाधिक दूषित जागांच्या यादीत गेला.

माझी नोकरीची वर्षं मिश्रणातले रेणू वेगवेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफसमोर गेली, त्यामुळे यानंतरचा भाग मला फार जवळचा वाटतो. या यंत्राच्या आलेखावर कमी क्लोरीनचे हलके रेणू आधी, म्हणजे डावीकडे उमटतात. जास्त क्लोरीनचे जड रेणू उजवीकडे. कारखान्यातल्या तेलाच्या आलेखात मधली शिखरं उंच असत. नदीच्या गाळाच्या आलेखात मात्र उजवीकडची खचलेली आणि डावीकडची वाढलेली दिसली. दुसऱ्या कुणी नमुना बिघडला म्हणून तो टाकून दिला असता. जनरल इलेक्ट्रिकच्याच संशोधन केंद्रातल्या जॉन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये त्याचा खरा अर्थ सांगितला: ऑक्सिजन नसलेल्या गाळातले जिवाणू पीसीबीमधला एकेक क्लोरीन काढून तिथे हायड्रोजन बसवत होते.

पुढच्याच वर्षी मिशिगन राज्य विद्यापीठातल्या क्वेन्सन, टीजी आणि बॉइड यांनी हडसनचेच जिवाणू घेऊन ते प्रयोगशाळेत घडवून दाखवलं. दशलक्षात 700 भाग इतके पीसीबी असताना 16 आठवड्यांत 53 टक्के क्लोरीन निघून गेला. पीसीबी जितके दाट, तितका वेग जास्त. विरळ असले की काम रेंगाळायचं. शिवाय रेणूतल्या ठरावीक जागांवरचेच क्लोरीन निघत. दोन कड्यांच्या सांध्यालगतचे तसेच राहत.

हा शोध मोठाच होता. माणसानं कारखान्यात घडवलेला रेणू नदीच्या तळाशी कुणीतरी पचवायला घेतं, याचं मला आजही नवल वाटतं. त्यानं विषारीपणाही काही अंशी उतरतो. पण नदी आपली आपण स्वच्छ होते आहे, गाळ उपसू नका, असा युक्तिवाद कंपनीनं त्याच्या आधारे केला, तो मला कधीच पटला नाही. क्लोरीन निघाला तरी बायफिनाइलची दोन कडी शाबूत राहतात. ती फोडायला ऑक्सिजनवर जगणारे वेगळे जिवाणू लागतात, आणि खोल गाळात ऑक्सिजन नसतो. हलके झालेले रेणू पाण्यात अधिक विरघळतात, हवेतही अधिक उडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं गाळाचे गाभे तपासले, तेव्हा या क्रियेनं घटलेलं पीसीबीचं वजन सरासरी जेमतेम 10 टक्क्यांच्या घरात भरलं.

अखेर 2002 मध्ये गाळ उपसण्याचा निर्णय झाला, आणि 2009 ते 2015 दरम्यान कंपनीला स्वतःच्या खर्चानं सुमारे 21 लाख घनमीटर गाळ उपसावा लागला. हडसन फॉल्सपासून ट्रॉयच्या धरणापर्यंत आज मासे धरता येतात, पण लगेच पाण्यात सोडून द्यावे लागतात. खायची परवानगी अजून नाही.