तगरच्या कुंभारांची कल्पकता

तेर म्हटले की आपल्या ज्ञातीस गोरोबाकाकांचे स्मरण होते, व ते योग्यच आहे. परंतु काकांच्याही पूर्वी हजारावर वर्षे याच गावी आपल्या धंद्याने केवढी झेप घेतली होती, याची वार्ता आपल्या घरांतून क्वचितच ऐकू येते. म्हणूनच 'मातीच्या धंद्यात बुद्धीचे काय काम?' असे म्हणून तरुण चाक सोडतात.

सातवाहनकाळी तेर हे 'तगर' नावाने विख्यात होते. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात, तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई, असा उल्लेख आहे. त्या व्यापाराबरोबर रोमची नाणी दक्षिणेत आली. सोन्याचांदीचे नाणे गळ्यात मिरविणे सामान्यांस कोठून परवडणार? कारागिराने त्याची प्रतिकृती मातीत उतरविली, दोरा ओवण्यास कडी ठेवली आणि भाजून पदक केले! अशी पदके तेरला सापडली आहेत.

पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती तर अधिकच प्रेक्षणीय. साचे दोन, एक पुढचा व एक पाठीचा; दोहोंत मातीचा पातळ थर दाबून मग ते सांधावयाचे. मूर्ती आतून पोकळ राहते. भरीव गोळा आव्यात तडकतो, हे आपणांस सांगावयास नको. शिवाय माती थोडी लागते व एका साच्यातून अनेक नग निघतात. ही रीत रोमकडून आली, असे काही विद्वान मानतात. आली असेल, घाट मात्र येथल्या कारागिराने आपला दिला.

१९५८ साली चापेकरांनी येथे उत्खनन केले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गावच्या प्राचीन वस्तू जतन केल्या आहेत. काकांच्या दर्शनास जाणाऱ्यांनी तेथे तासभर थांबावे आणि मूर्तीच्या कडेस साच्याचा सांधा दिसतो का, ते मुलांना पाहू द्यावे.