हौदांचं शहर

बाहेरगावचा पाहुणा आला की तो आमच्या शहरात दरवाजे बघायला निघतो. दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण दरवाजा. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून औरंगाबादची ओळख देशभर झाली, आणि आता छत्रपती संभाजीनगर झाल्यावरही ती पुसलेली नाही. पण बेगमपुऱ्यातल्या आमच्या घरात दरवाजांविषयी कुणी फारसं बोलत नसे. आमच्याकडे बोलणं चालायचं ते पाण्याचं. आजी कुणाला घराचा पत्ता सांगायची तोसुद्धा पाण्यावरून, "थत्ते हौदाच्या वरल्या अंगाला या, तिथं कुणालाबी इचारा." शहर कुणी वसवलं, कुणी लुटलं, कुणी सोडून गेलं, हे तिच्या लेखी पाणी कुणी आणलं आणि ते कुणाच्या दारात पोचलं यावरून ठरत होतं. मोठी झाल्यावर मी इतिहासाची पुस्तकं वाचली. राजे आणि लढाया त्यांत भरपूर होत्या, आजीचं पाणी मात्र एखाद्या परिच्छेदात आटोपलेलं असायचं. मला आजही आजीची मांडणी जास्त खरी वाटते.

तिच्या गोष्टीत सगळ्यांत आधी यायचा मलिक अंबर. ती त्याला नुसतं 'अंबर' म्हणायची, जणू तो आमच्या गल्लीतलाच कुणी होता. हबसाणात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारामागून बाजार बदलत दख्खनेत पोचलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने खडकी या लहानशा गावाला राजधानी केलं. नावाप्रमाणेच गाव खडकाचं. खाम नदी आहे, पण ती पावसाळ्यापुरती. अशा जागी राजधानी थाटायची म्हणजे पाणी आणायचं कुठून? आजी सांगायची की दरबारात एका मुल्लाने या कल्पनेची भर सभेत थट्टा केली होती. अंबराने उत्तर दिलं नाही, माणसं कामाला लावली. पंधरा महिन्यांनी खापराच्या नळातून पाणी शहरात आलं. त्या दिवशी अंबराने दानधर्म केला आणि गावजेवण घातलं, असं ती सांगे. त्या जेवणातल्या पदार्थांची यादी दर वेळी वाढत जायची, आणि आम्ही पोरं नवा पदार्थ कोणता येतो याची वाट बघायचो.

ही नहर, नहर-ए-अंबरी, चालते कशी, हे मला आजीने नाही सांगितलं. ते समजावलं शेजारच्या चाचांनी. त्यांचे वडील नहरीच्या देखभालीचं काम करत आणि लहानपणी चाचा त्यांच्यासोबत भुयारात उतरलेले होते. नहर म्हटल्यावर शेताच्या कडेने वाहणारा उघडा कालवा डोळ्यांपुढे येतो. आमची नहर तशी दिसतच नाही. शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याला आणि खामच्या खोऱ्यात, जमिनीखाली जिथे झिरप्याचं पाणी साठतं तिथे भुयार खणलेलं. भुयाराला अगदी बेताचा उतार, म्हणजे पाणी साचू नये आणि धावतही सुटू नये. मध्ये मध्ये वर उघडणाऱ्या विहिरी, हवेसाठी आणि गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून. पुढे बांधीव पाट, मग खापराचे नळ. आणि वाटेत ठिकठिकाणी बंबे.

बंबा म्हणजे विटा-चुन्याचा उंच खांब. नळातून दाबाने येणारं पाणी त्यात वर चढतं, अडकलेली हवा बाहेर पडते, गाळ खाली बसतो, आणि पाणी दुसऱ्या बाजूने उतरून पुढच्या नळात जातं. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. उगमाची उंची आणि हौदाची उंची एवढ्या दोन गोष्टी ज्याने नेमक्या ओळखल्या त्याला पाणी फुकट मिळालं. मी विचारलं होतं, मधे जमीन उंच लागली तर पाणी काय करतं? चाचा म्हणाले, "बेटा, पानी कू अपना रस्ता मालूम रैता. तुम बस उसकू रोको नक्को." त्या एका वाक्यामुळे पुढे शाळेत भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला तो धडा मला आधीच शिकल्यासारखा वाटला.

भडकल दरवाजापाशी हे पाणी पोचायचं आणि तिथून मोहल्ल्यामोहल्ल्यांत वाटलं जायचं. हा दरवाजा अंबराने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. चारच वर्षांनी, १६१६ मध्ये, रोषणगावच्या लढाईनंतर मोगल फौजेने खडकी जाळली आणि लुटली. ही जाळपोळ आजीच्या सांगण्यात नसे. तिच्या गोष्टीत अंबराचं शहर कधी हरलंच नाही. एका अर्थी तिचं बरोबर होतं, कारण शहर पुन्हा उभं राहिलं. अंबरासोबत लढलेल्या मराठा सरदारांचे वाडेही इथेच होते. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांची नावं मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी यांच्यावरून पडली, असं जुन्या गॅझेटियरात नोंदवलेलं आहे. हबशी वजिराने आणलेलं पाणी भोसल्यांच्या वाड्यांत गेलं, हे मला या शहराच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं वाक्य वाटतं. ते कुठल्याही दरवाज्यावर कोरलेलं नाही.

अंबर १६२६ मध्ये गेला. त्याच्या मुलाने, फतेह खानाने, शहराला फतेहनगर म्हटलं. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन १६५३ मध्ये आला तेव्हा औरंगाबाद हे नाव रुजलं. नावं बदलली तरी पाण्याची रीत तीच राहिली. मोगलांनी आणि नंतरच्या सरदारांनी अंबराच्याच पद्धतीने आणखी नहरी खणल्या. पाणचक्कीची नहर, पळशीची, छावणीची, आणि आमची थत्ते नहर. हे थत्ते कोण, यावर आमच्या ओट्यावर कायम दोन पक्ष असत. आजीच्या मते ते दानशूर गृहस्थ, स्वतःच्या पदरचा पैसा घालून नहर खणणारे. चाचांच्या मते ते कुणा सरदाराचे कारभारी, कामावर देखरेख ठेवणारे. दोघंही आपापल्या आजोबांचा हवाला देत आणि दोघंही शेवटी त्याच हौदाचं पाणी पीत.

हौदावर सकाळी बायकांची गर्दी व्हायची. आजी सांगे, "हिवाळ्यात पाणी असं ऊन लागायचं की लेकराला तसंच न्हाऊ घालावं. अन् उन्हाळ्यात हात बुडवला की हाडापत्तूर गार." जमिनीखालून आलेल्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, हे त्याचं कारण. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या तेव्हाही हौदावर घागर भरत होती, धार बारीक झाली पण तुटली नाही, असं तिच्या पिढीतल्या सगळ्या बायका सांगत. त्या वर्षाची गोष्ट सांगताना तिचा आवाज बदलायचा. गावाकडून आलेले पाहुणे महिनोन् महिने आमच्या घरी राहिले होते, ते पाण्यापायी.

चाचांच्या घरात मात्र गोष्टींना वेगळीच थंडी होती. त्यांचे पूर्वज तुराणातून, म्हणजे बुखारा-समरकंदच्या मुलुखातून, मोगल फौजेबरोबर आले असं त्यांच्याकडे सांगत. आम्ही अंगणात वाळ्याच्या पंख्याने वारा घेत बसलेलो असायचो आणि चाचा सांगायचे की तिकडे हिवाळ्यात हौद गोठतात, वजू करायला आधी कुऱ्हाडीने बर्फ फोडावा लागतो, रात्री घोड्यांच्या पाठीवर घोंगड्या टाकतात. बर्फ आम्ही फक्त गोळेवाल्याकडे बघितलेला. अख्खा हौद बर्फाचा, ही कल्पना आम्हाला पेलतच नसे.

त्याच मुलुखातून, बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानहून, नक्शबंदी फकीर बाबा शाह मुसाफिर इथे आले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश तुराणी सैनिकांसोबत छावण्यांत फिरायचे; शिष्याने मात्र खामच्या काठी बैठक घातली आणि तो उठला नाही. ती जागा म्हणजे आजची पाणचक्की. मुसाफिर असं नाव असलेला माणूस इथेच स्थिरावला आणि १७१५ च्या सुमारास इथेच पुरला गेला. पुढे तुर्कताज खान, जमील बेग खान अशा सरदारांनी तिथलं पाण्याचं काम वाढवलं. काही मैलांवरून डोंगराचं पाणी खापराच्या नळांनी आणून उंच भिंतीवरून खाली सोडलं, त्याच्या जोराने खालचं लोखंडी पात्यांचं चाक फिरे आणि त्यासोबत वरचं जातंही. दर्ग्यात येणारे फकीर, वाटसरू, शिकणारी मुलं यांच्यासाठी तिथे पीठ पडायचं. पर्यटक ती धार आणि ते जातं बघून परत फिरतात. खरी करामत पायाखाली आहे. समोरच्या लांबट हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे. जाड खांबांवर अख्खा हौद तोललेला, आणि खाली ऐन वैशाखात गारवा. हिमाच्या मुलुखातून आलेल्या माणसांनी दख्खनच्या उन्हावर शोधलेला हा इलाज आहे. मी तिथे नेलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी हे सांगते.

निजामाने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलवली आणि शहर ओस पडू लागलं. हवेल्या पडल्या, बागा वाळल्या. नहरी वाहत राहिल्या, कारण त्यांना दरबाराची गरज नव्हती, फक्त वर्षातून गाळ काढणाऱ्या माणसांची होती. ती माणसं कमी होत गेली, तशा नहरी एकेक करून मुक्या झाल्या.

तळ्यांचंही तसंच. दिल्ली दरवाज्याजवळचा खिजरी तलाव आता सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. हे नाव मला मनापासून आवडतं. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आणि आपला मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता. हिवाळ्यात त्या तळ्यावर सायबेरियाकडून थापट्या बदकं उतरतात. पैठणला नाथसागरावर तर चक्रवाक आणि पट्टकदंब येतात. पट्टकदंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस. तो विणीला तिबेटच्या पठारावर, लडाखच्या त्सो मोरिरीसारख्या तळ्यांवर जातो. साडेचार हजार मीटर उंचीवरचं ते तळं, काठाला कोरझोक नावाची छोटी वस्ती. हिवाळ्यात सगळं पाणी गोठतं. मग हा पक्षी हिमालय ओलांडून दक्षिणेला निघतो आणि थव्यांतले काही आमच्या मराठवाड्यातल्या उथळ, कोमट पाण्यावर येऊन पोट भरतात. चाचा असते तर म्हणाले असते, हे आमच्याच वाटेने आले.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. शहराची तहान आज मुख्यतः तिथूनच भागते. पण धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, आणि शहर वसलंय साधारण ५६८ मीटरवर. म्हणजे प्रत्येक घागर शंभर मीटरहून जास्त वर उचलून, कित्येक किलोमीटर ढकलत आणायची, तीही विजेवर. वीज गेली की पाण्याचा वार चुकतो. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेबारा लाख होती, आज त्याहून पुष्कळ जास्त. एवढ्यांना नहरी पुरणार नाहीत हे मला कळतं. धरण हवंच. पण जे पाणी आपल्या पायाने दारात येत होतं त्याची वाट आपण घरांच्या पायांखाली आणि रस्त्यांच्या डांबराखाली बुजवली, याचं मला दुःख होतं आणि ते मी लपवत नाही.

सगळंच गेलेलं नाही. पाणचक्कीच्या भिंतीवरून अजून धार पडते. आमखास मैदानाजवळचा कमळ तलाव गाळ काढून पुन्हा जिवंत करण्यात आला, त्यात कमळं उमलली, आणि माझ्या ओळखीतल्या म्हाताऱ्या बायका रिक्षा करून ती बघून आल्या. खामच्या काठाची सफाई होते आहे, झाडं लागत आहेत. शहरातले काही अभ्यासक नहरीच्या विहिरी शोधून त्यांची नोंद ठेवतात.

सध्या नव्या जलवाहिनीसाठी गल्लोगल्ली रस्ते खणले जात आहेत. खणताना खापराचा नळ लागला की तो फुटतो आणि माती पडते, कारण त्या जागी नहर आहे हे खणणाऱ्याच्या हातातल्या नकाशावर दाखवलेलं नसतं. ती माहिती बेगमपुऱ्यात अजून शिल्लक आहे. कुठला बंबा कुणाच्या परसात आहे, कुठली विहीर फरशीखाली गेली, पाणी कुठे वळतं, हे चाचांच्या थोरल्या मुलाला तोंडपाठ आहे. तो सत्तरीला आला आहे. महापालिकेच्या एखाद्या अभियंत्याने नकाशा घेऊन याच हिवाळ्यात त्याच्याकडे यावं.