युद्धाआधीचे एक क्रमिक पुस्तक

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधी साउथ कॅरोलायनातल्या मुलांना आपल्या राज्याचा इतिहास कोणता वाचायला मिळत होता? वर्गात काय बोलले गेले ते हवेत विरले. पुस्तक मात्र उरले आहे. चार्ल्स्टनचे कादंबरीकार विल्यम गिलमोर सिम्स यांनी १८४० साली तरुण वाचकांसाठी राज्याचा इतिहास लिहिला.

आधी शीर्षकपान पाहू. युरोपियनांना या भूमीचा शोध लागल्यापासून ती प्रजासत्ताक होईपर्यंतचा हा इतिहास, आणि पुढच्या घटनांची पुरवणी, असे ते सांगते. म्हणजे संघराज्यात काढलेली वर्षे पुरवणीत गेली. याचा अर्थ काय? सिम्स १८४० मध्येच फुटून निघण्याची मुलांकडून तयारी करून घेत होते, असा निष्कर्ष मोह पाडतो. पण वसाहतीचा काळ आणि क्रांतियुद्ध यांतच इतिहास पाहण्याची त्या काळची सवयही ध्यानात घ्यायला हवी. दुसऱ्या पारड्यात २४ नोव्हेंबर १८३२ चा ठराव पडतो. संघराज्याचे जकात कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल, असे याच राज्याने तेव्हा जाहीर केले होते. आठ वर्षांत तो वाद कोणी विसरले असेल असे वाटत नाही. माझा कौल याच पारड्याकडे झुकतो, पण तो अंदाजच.

पुढचा पुरावा १८६० च्या सुधारित आवृत्तीचा. उत्तरेत तयार होणारी क्रमिक पुस्तके नकोत, दक्षिणेने स्वतःची लिहावीत, ही मागणी तोवर जोर धरून होती. १८५६ च्या सव्हाना येथील व्यापारी परिषदेने त्यासाठी समितीही नेमली. तरी सिम्स यांची ही आवृत्ती काढली न्यूयॉर्कच्या रेडफिल्ड यांनी! त्याच वर्षी २० डिसेंबरला राज्य संघातून बाहेर पडले. पहिली आवृत्ती बाराव्या वर्षी हाती घेतलेला मुलगा तेव्हा बत्तिशीचा असणार. हे निव्वळ गणित आहे. त्यावरून कोणाच्या मताचा उगम या पुस्तकात शोधता येत नाही.

आता हे पुस्तक ज्यांच्यासाठी नव्हतेच, त्यांची दोन कागदपत्रे. १८३४ च्या कायद्याने गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे गुन्हा ठरवले. गोऱ्या माणसाने तो केल्यास शंभर डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. दुसरे, १८६० ची जनगणना: राज्याची लोकसंख्या ७,०३,७०८, त्यांत गुलाम ४,०२,४०६. निम्म्याहून अधिक प्रजेला राज्याच्या इतिहासाचे पान वाचायला शिकवणेच बेकायदा होते. बंदी मोडून चोरून शिकलेले लोक होतेच. पण गुन्हा करणारा त्याची नोंद ठेवत नाही, त्यामुळे शाळेची दप्तरे इथे मुकी राहतात. जे कळते ते बहुधा स्वातंत्र्यानंतर सांगितलेल्या आठवणींतून.

सिम्स १८७० मध्ये वारले. पुस्तक मात्र थांबले नाही: त्यांची नात मेरी सी. सिम्स ऑलिफंट यांनी १९१७ मध्ये ते शाळांसाठी नव्याने संपादित केले.