डिझेल कणगाळणीचे पुनर्जनन

डिझेल इंजिनाच्या धुरातील काजळी गाळणीत साठल्यावर ती उच्च तापमानाला जाळून गाळणी पुन्हा मोकळी करण्याच्या प्रक्रियेस डिझेल कणगाळणीचे पुनर्जनन असे म्हणतात. ही गाळणी तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'डीपीएफ' म्हणून ओळखली जाते, तर या प्रक्रियेला गॅरेजमध्ये 'रिजनरेशन' किंवा नुसते 'रिजन' म्हणतात. आधुनिक डिझेल मोटारीत पुनर्जनन बहुतेक वेळा चालकाच्या नकळत घडते. मात्र त्यासाठी लागणारी उष्णता वाहन कसे वापरले जाते यावर अवलंबून असते. त्यामुळे कधी महामार्गावर, कधी कच्च्या वाटेवर, तर कधी जागच्या जागी इंजिन चालू ठेवून वापरल्या जाणाऱ्या फोर-बाय-फोर वाहनांत, म्हणजे चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या वाहनांत, हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले जाते आणि ते ठिणगीवाचून पेटते. हवा व इंधन यांचे मिश्रण सर्वत्र सारखे होत नाही. जिथे इंधन दाट आणि प्राणवायू अपुरा असतो तिथे कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. कंदिलाची वात अधिक वर चढवली की काच काळी पडत असे, त्यामागील कारणही हेच. हे कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला.

मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या काही मोटारींना अशी गाळणी बसवली होती, परंतु तो प्रयोग फार काळ चालला नाही. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली गाळणीयुक्त मोटार म्हणून २००० सालच्या प्यूजो ६०७ चा उल्लेख केला जातो. तिच्यात सेरियमयुक्त द्रव इंधनात मिसळून काजळीचे ज्वलनतापमान खाली आणले जाई. युरोपात २००९ पासून लागू झालेल्या युरो ५ मानकांनंतर डिझेल मोटारींना गाळणी बसवणे जवळजवळ अपरिहार्य झाले.

गाळणीची रचना

गाळणी म्हणजे धातूच्या डब्यात बसवलेला सच्छिद्र सिरॅमिकचा ठोकळा. तो कॉर्डिअराइट किंवा सिलिकॉन कार्बाइड या पदार्थाचा असतो. मधाच्या पोळ्याप्रमाणे त्यात शेकडो अरुंद नळ्या शेजारीशेजारी असतात. एक नळी पुढच्या टोकाला बंद, तर तिच्या लगतची मागच्या टोकाला बंद, अशी आलटून पालटून रचना असते. उघड्या तोंडाने आत शिरलेल्या वायूला पुढे वाट नसते. तो भिंतीच्या छिद्रांतून शेजारच्या नळीत जातो व तेथून बाहेर पडतो, काजळी मात्र भिंतीवर अडते. विशेष म्हणजे कोरी गाळणी ही सर्वांत चांगली गाळणी नव्हे. काजळीचा पातळ थर साचला की तो थरच अधिक बारीक कण अडवू लागतो. पुढे थर जाड होत जातो, वायूला अडथळा होतो, इंजिनावर उलटा दाब येतो, शक्ती घटते आणि इंधन अधिक जळते. कंदिलाची काच फडक्याने पुसता येत असे. ही काजळी जाळूनच काढावी लागते.

गाळणीच्या आधी सहसा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट असतो. प्लॅटिनमसारख्या धातूंचा लेप असलेला हा भाग पुनर्जननाची भट्टी पेटवतो असे म्हणावयास हरकत नाही.

काजळी कशी जळते

हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने काजळी जळण्यास सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. शहरी रहदारीत धुराचे तापमान याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. ही तफावत भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग निष्क्रिय पुनर्जननाचा. कॅटॅलिस्टमध्ये धुरातील नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइड होते, आणि हा वायू सुमारे २५० अंशांपासूनच काजळीतील कार्बनशी अभिक्रिया करू लागतो. माल भरून चढ चढणाऱ्या किंवा महामार्गावर दीर्घकाळ चालणाऱ्या वाहनात हे काम संथपणे, अखंड चालू असते. त्यासाठी वेगळे इंधन लागत नाही.

तेवढ्याने भागले नाही तर सक्रिय पुनर्जनन सुरू होते. गाळणीच्या पुढील व मागील दाबातील फरक, तापमान, कापलेले अंतर आणि इंजिन कसे चालले याची नोंद यांवरून नियंत्रक संगणक काजळीचा अंदाज बांधतो. ठरावीक मर्यादा गाठली की तो मुख्य ज्वलन उरकल्यानंतर सिलिंडरमध्ये थोडे जादा इंधन फवारतो. ते तिथे पूर्ण न जळता वाफेच्या रूपाने कॅटॅलिस्टपर्यंत जाते, तिथे त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि गाळणीत शिरणारा वायू ६०० अंशांच्या आसपास तापतो. ही क्रिया साधारणपणे दहा ते वीस मिनिटे चालते. त्या काळात इंजिनाचे फेरे किंचित वाढणे, क्षणिक इंधनवापर चढणे, गाडी उभी केल्यावरही पंखा चालू राहणे आणि तापल्याचा वास येणे ही लक्षणे जाणकार चालकाच्या ध्यानात येतात.

उशिरा फवारलेल्या इंधनाचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतो. पुनर्जनन वारंवार अर्धवट राहत असेल तर ऑइल पातळ होते व डिपस्टिकवरील पातळी वर चढते. ऑइल मुळीच कमी होत नाही म्हणून समाधान मानणाऱ्या मालकाने ही शक्यता लक्षात घेतलेली बरी. हा दोष टाळण्यासाठी काही इंजिनांत धुराच्या नळीतच स्वतंत्र इंजेक्टर बसवलेला असतो.

फोर-बाय-फोर वाहनांतील अडचणी

पुनर्जननाचे गणित मुळात सलग, मध्यम वेगाच्या प्रवासाला धरून मांडलेले असते. लो रेंजमध्ये खडकाळ वाटेने ताशी पाचदहा किलोमीटर वेगाने जाणे, शेतावर थांबत थांबत काम करणे किंवा मुक्कामाच्या जागी वातानुकूलनासाठी इंजिन चालू ठेवणे यांत काजळी साठते, पण धूर पुरेसा तापत नाही. लांब उतारावर गिअरच्या आधाराने उतरताना इंधनच तोडले जाते आणि गाळणीतून तुलनेने थंड हवा वाहते. घाटाच्या चढावर मिळवलेली उष्णता उतारावर निघून जाते, ती अशी. मात्र आडवाटेचा प्रवास सरसकट वाईट म्हणता येत नाही. मऊ वाळूत इंजिनावर मोठा भार येतो आणि धूर चांगलाच तापतो.

चालू पुनर्जनन वारंवार मोडले तर डॅशबोर्डवर गाळणीचा दिवा लागतो. या टप्प्यावर निर्मात्यांच्या पुस्तिका सहसा काही काळ सलग वेगाने वाहन चालवण्यास सांगतात. अनेक फोर-बाय-फोर वाहनांत उभ्या जागी पुनर्जनन करण्याचे बटणही असते. ते वापरताना जागा पाहावी लागते. वाहन उभे असताना वाऱ्याचा झोत नसल्याने खालचा भाग तापून राहतो, आणि वाळलेले गवत पेटू शकते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात स्पिनिफेक्स नावाचे राळयुक्त गवत वाहनाखाली अडकून आगी लागतात, म्हणून तिकडील प्रवासी अधूनमधून थांबून ते काढून टाकतात.

दिव्याकडे दुर्लक्ष झाल्यास नियंत्रक इंजिनाची शक्ती कमी करतो. मग कार्यशाळेत संगणक जोडून पुनर्जनन घडवावे लागते. काजळी फारच साठली असेल तर तेही नाकारले जाते, आणि त्याला सबळ कारण आहे. काजळी पेटलेली असताना इंजिन एकाएकी मंद फिरू लागले, तर गाळणी थंड ठेवणारा वायूचा प्रवाह घटतो, उलट त्यातील प्राणवायूचे प्रमाण वाढते. अशा वेळी आग आवरत नाही. सिरॅमिकला तडे जातात, प्रसंगी ते वितळतेही.

ऑस्ट्रेलियातील टोयोटा खटला

गाळणी तुंबली की दोष चालकाच्या सवयींचा, असा समज सर्वत्र आढळतो. ऑस्ट्रेलियातील एका सामूहिक खटल्याने त्याची दुसरी बाजू पुढे आणली. १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या काळात तेथे विकल्या गेलेल्या डिझेल हायलक्स, प्राडो व फॉर्च्युनर या २,६४,१७० वाहनांविषयीचा हा वाद होता. तक्रार अशी की, ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने नियमित, सलग चालवल्यास या वाहनांतील पुनर्जनन परिणामकारक ठरत नाही. न जळलेले इंधन दाट पांढऱ्या, दुर्गंधीयुक्त धुराच्या रूपाने बाहेर पडे आणि गाळणी तुंबत जाई. जो वापर एरवी गाळणीला सर्वांत मानवणारा समजला जातो, नेमक्या त्याच वापरात ही यंत्रणा अपुरी पडत होती. शेकडो किलोमीटरचे सरळ रस्ते असलेल्या देशात अशा वापराला अपवादात्मक म्हणणे कठीण होते.

एप्रिल २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने वाहनांची रचनाच सदोष असल्याचा निर्वाळा दिला व त्यामुळे त्यांचे मूल्य १७.५ टक्क्यांनी घटल्याचे ठरवले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने दोष मान्य ठेवून हे प्रमाण १० टक्क्यांवर आणले. पुढे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हायकोर्टात गेले. नोव्हेंबर २०२४ मधील निकालात, मूल्यातील घट वाहन ग्राहकाला पुरवले गेले त्या वेळेनुसार मोजावी, असे हायकोर्टाने म्हटले. कंपनीने २०२० मध्ये दुरुस्तीचा उपाय उपलब्ध करून दिला होता.

राख

पुनर्जननाने काजळी जाते, राख जात नाही. इंजिन ऑइलमधील कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस इत्यादींची संयुगे जळून उरणारी राख नळ्यांच्या बंद टोकांशी साठत राहते आणि गाळणीची क्षमता कायमची घटवते. यासाठीच अशा इंजिनांना कमी राख सोडणारे ऑइल विहित केलेले असते. स्वस्तातले दुसरे ऑइल घातल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, तो काही हजार किलोमीटरनंतर दिसतो. राख साठलेली गाळणी उतरवून विशेष यंत्राने साफ करावी लागते किंवा बदलावी लागते.

भारतातील स्थिती

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके देशभर लागू झाली. डिझेल मोटारींसाठी कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. गंधक कॅटॅलिस्टची शक्ती क्षीण करत असल्याने ही दुसरी सुधारणा पहिलीची पूर्वअटच होती. नाशिक येथे तयार होणारी महिंद्रा थार आणि चाकण येथील स्कॉर्पिओ-एन यांच्या डिझेल आवृत्त्यांतही ही गाळणी असते. मुंबई-पुण्याच्या गर्दीत रोज चारदोन किलोमीटरच धावणाऱ्या अशा वाहनांना, कधीतरी सह्याद्रीत जाण्यासाठी घेतलेली असूनही, आडवाटेपेक्षा शहरातील वापरच अधिक जाचक ठरतो.

गाळणी काढून टाकणे

दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी गाळणीतील सिरॅमिक फोडून डबा रिकामा बसवणे व संगणकातील आज्ञावली बदलणे, असा प्रकार अनेक देशांत चालतो. गाडी हलकी धावते असे तो करणारे सांगतात, आणि उलटा दाब कमी होत असल्याने त्यात काही तथ्यही आहे. परंतु अशा वाहनातून बाहेर पडणारे कण पुन्हा गाळणीपूर्व काळातील पातळीला जातात. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत, मूळची गाळणी जागेवर नसल्यास वाहन अनुत्तीर्ण ठरवले जाते. डबा बाहेरून शाबूत ठेवून आतून पोकळ केलेला असल्यास मात्र नुसत्या नजरेच्या तपासणीत तो सहज ओळखू येत नाही.